जोड क्रमांक एकशे दहा ते एकशे बारा

इंदापूर
२ मे १९९६

चि. संघपाल यास,
सप्रेम जयभीम.

काल दुपारच्या एसटीने सुखरूप पोचलो. सामान मोजून घेतलं. तुमच्या स्टोअरमध्ये माझा तारेचा ब्रश राहिला आहे, लाल सुतळी बांधलेला. कुणी तो एकदा जरी साध्या लोखंडावर घासला असेल तर फेकून दे, परत पाठवू नकोस. लोखंडाचा कण स्टेनलेसमध्ये रुतला की तिथेच गंज धरतो आणि नाव माझ्या जोडाचं खराब होतं.

तुमच्या डेअरीच्या कच्च्या दुधाच्या नव्या लाइनीचे एकशे बारा जोड पुरे झाले. तू मला मावसभाऊ म्हणून काम दिलं नाहीस, कारागीर म्हणून दिलंस, हे तुमच्या नीळकंठरावांना आता पटलं असावं. पहिल्या दिवशी मॅनेजरच्या खुर्चीतून विचारत होते, "आर्गन वेल्डिंगचं सर्टिफिकेट कुठाय?" मी म्हटलं, "आरी मागवा." सातव्या नंबरचा जोड त्यांच्यासमोर उभा कापला आणि हातात दिला. बाहेरून वेणीच्या पेडासारखा सारखा, रंग पिकल्या ज्वारीच्या ताटाचा. निळा पडलेला जोड मी माझा म्हणत नाही. पण बाहेरचं सोड. हवा दूर ठेवायला बाहेरून आर्गन वायू सगळेच मारतात. पाइपाच्या आतल्या अंगाला हवा लागली की धातू तिथे करपतो, कढईला काकवी लागावी तसा काळा दाणेदार होतो. त्या दाण्यांत दूध अडकतं आणि नासतं. माझा जोड आतूनही पांढरा. त्यांनी बोट फिरवलं, बॅटरी मारून पाहिलं, आणि पुन्हा सर्टिफिकेट काढलं नाही.

आता एक काम तुझ्याकडे. दूध सोडण्याआधी सगळ्या लाइनीतून ऐंशी डिग्रीचं पाणी एक तास फिरव. पाऊण नव्हे, एक तास. का ते विचारू नकोस.

दुसऱ्या टप्प्याचे, लोण्याच्या लाइनीचे, दोनशे चाळीस जोड आहेत असं तू म्हणाला होतास. ते पुण्याच्या पार्टीकडे जाता कामा नयेत.

तुझा,
भानुदासदादा

•

बारामती
९ मे १९९६

ती. भानुदासदादांस,
सा. जयभीम.

परवा उद्घाटन झालं. पाहुण्यांना लाइन दाखवताना नीळकंठराव स्वतः म्हणाले, "हे इंदापूरच्या माणसाचं काम." माझी छाती दोन इंच फुगली. तुमच्यासाठी मी सहा महिने भांडलो होतो. "तुमचा भाऊ चुकला तर तुम्हीही घरी बसाल," असं मला तोंडावर सांगितलेलं होतं.

बॉयलर अजून वाफ नीट धरत नाही, त्यामुळे गरम पाणी वीसेक मिनिटंच मिळालं. पाहुणे आले होते, थांबता येईना. सध्या रोज सोडा घालून गार पाण्यानेच धुतो.

पुण्याच्या पार्टीचा माणूस समारंभाला आला होता. त्याने पाइपावर हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "शेवटचा जोड मारताना पाइप दोन्हीकडून बंद असतो. आतला आर्गन अडवायला बूच लावलं, तर ते बाहेर कसं काढतो तुमचा माणूस?" मी त्याला चहाच्या टेबलाकडे नेलं. दादा, मला तरी सांगा. मी डिप्लोमावाला असून मला ते माहीत नाही.

तुळसावहिनींनी पाठवलेला तांदळाच्या वाळवलेल्या फेण्यांचा डबा पोरांनी निम्म्यावर आणला. अंजलीने त्यातल्या मूठभर रंगूबाईंना दिल्या. आमच्या प्लँटवर दूध ओतायच्या हौदापाशी त्या झाडलोट करतात, अंजलीच्या माहेरच्या गावच्या, पणदऱ्याच्या.

आपला,
संघपाल

•

इंदापूर
१२ मे १९९६

चि. संघपाल यास,
सप्रेम जयभीम.

वीस मिनिटं?

मी काय लिहिलं होतं ते काढून वाच. एक तास लिहिलं होतं, आकड्यात नव्हे, अक्षरी. पाहुणे थांबले असते तर हार सुकले असते, दुसरं काय झालं असतं? बॉयलर नीट कर आणि हे पत्र मिळताच, त्याच दिवशी, गरम पाणी फिरव.

पुण्याच्या माणसाला सांग, बूच काढायची गरज पडत नाही. एवढंच सांग. त्याने चार वर्षं कॉलेजात घालवली, मी बावीस वर्षं काचेआड डोळे घालवले. बूट-टोपीवाल्यांनी मला कधी काही फुकट शिकवलेलं नाही. टंगस्टनच्या सुईला धार आडवी द्यायची नाही, उभी द्यायची, हे कळायला मला सव्वा वर्ष लागलं. आर्क, म्हणजे ती ज्योत, तोडल्यावर वेल्डिंगची टॉर्च उचलायची नाही, दहापर्यंत आकडे मोजायचे, नाहीतर टोकाला खड्डा पडतो, हे कळायला त्याहून जास्त. मी ते कुणाच्या हातावर ठेवणार नाही. तुझ्यासुद्धा. तुझ्या पोटात राहणार नाही.

भानुदासदादा

•

बारामती
१६ मे १९९६

ती. दादांस,
सा. जयभीम.

तुमचं पत्र कालच मिळालं, एक दिवस उशिरा.

मंगळवारी सकाळी टाकीच्या पुढच्या गाळणीत पांढरे, चिकट, पातळ तुकडे सापडले, नखाएवढे. त्यांत जिरं. लॅबच्या पोरीने चिमट्यात धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, ही तर फेणी हाय." चार हजार लिटर दूध ओतून द्यावं लागलं. गाडीवाले, गवळी सगळे उभे राहून बघत होते.

नीळकंठरावांनी हौदापाशी काम करणाऱ्या सगळ्यांची जेवणाची गाठोडी सोडायला लावली. रंगूबाईंच्या फडक्यात तीन फेण्या निघाल्या. तसल्याच, जिऱ्याच्या. दादा, त्या आमच्या घरच्या होत्या. वहिनींच्या.

त्या म्हणाल्या, "दुपारच्याला वाफेच्या पाइपावर भाजून चहासंगं खाते. हौदात कशाला टाकू? माझ्या घरात लई उतू चाललंय व्हय?" नीळकंठराव म्हणाले, "बाई, जास्त बोलू नका." त्यावर त्या म्हणाल्या, "कमी बोलून बी तुमी मलाच धरलंय न्हवं!" सगळे हसले. तिथे बिघडलं. त्यांना त्याच पावली गेटाबाहेर काढलं आणि गवळ्यांच्या देखत 'दूध नासवणारी' म्हटलं.

शनिवारी, २५ तारखेला दहा वाजता चौकशी आहे. त्यात नाव कायमचं कमी करतील, पोलिसात द्यायचंही बोलणं चाललं आहे. विधवा बाई, तिच्या पगारावर नातीची शाळा. फेण्या अंजलीने दिल्या हे मी सांगितलं. "दिल्या कुणी याच्याशी मला काय करायचंय, टाकल्या कुणी ते बोला," असं उत्तर मिळालं.

तुम्ही काळजी करू नका. लोण्याच्या लाइनीची ऑर्डर तुमच्या नावाने टाइप होऊन टेबलावर आहे. चौकशी आटोपली की सही होईल.

आपला,
संघपाल

•

इंदापूर
१८ मे १९९६

चि. संघपाल यास,
सप्रेम जयभीम.

वाचून वाईट वाटलं. झाडणाऱ्या बाईचं काय करायचं ते तुमच्या मॅनेजरने ठरवायचं. त्यात मी इंदापुरातून काय बोलणार? उघड्या हौदाशेजारी माणसं खातात-पितात, म्हणजे काही ना काही पडणारच. हौदावर झाकण का नाही, हे तुझ्या नीळकंठरावांना विचार. मोठ्या डेअऱ्यांत झाकण असतं.

माझ्या जोडांबद्दल कुणी काही म्हटलं का? म्हटलं असेल तर कळव. एकही जोड गळत नाही, एकही करपलेला नाही. मी प्रत्येक जोडाआधी पाइपाची टोकं पांढऱ्या फडक्याने ॲसिटोन लावून पुसतो, आणि फडकं पांढरं राहीपर्यंत पुसतो. असा माणूस दुधाच्या लाइनीत घाण ठेवेल का?

तुकडे किती होते? जिरं अख्खं होतं की करपलेलं? पांढऱ्या तुकड्यांच्या कडा सरळ होत्या की फाटलेल्या? नीट बघून लिही.

आणि बॉयलर झाला असेल तर टाकीखालच्या वळणावर, जोड एकशे दहा ते एकशे बारा, तेवढ्या भागात आधी गरम पाणी सोड. एक तास. बाकीचं मागाहून.

तुळसाची तब्येत बरी आहे. ती बोलत नाही एवढंच.

भानुदासदादा

•

बारामती
२१ मे १९९६

ती. दादांस,
सा. जयभीम.

हे पत्र इंदापूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, टपालावर विसंबत नाही.

काल बॉयलर चालला. तुम्ही सांगितलेल्या वळणावर गरम पाणी सोडलं. खाली बादली धरून मी स्वतः बसलो होतो. अर्ध्या तासाने पाण्यातून गोळा आला, पांढरा, खळीसारखा. त्यात जिरं. एका तुकड्याची कड गोल होती, वाटीने कापावी तशी. एक जिरं करपून काळं झालेलं होतं.

रंगूबाई सहा दिवस प्लँटमध्ये नाहीत, दादा. ते वळण हौदाच्या पलीकडे आहे, मध्ये हौदाची वेगळी गाळणी आहे. हौदात टाकलेली फेणी गाळणी ओलांडून तिथे जाऊच शकत नाही. नीळकंठरावांना हे सांगितलं, तर म्हणाले, "तुम्ही तिच्या बाजूचे आहात. आधीच गाळणी फाटली असेल." त्यांना माणूस सापडलेला आहे, आता त्यांना दुसरं काही शोधायचं नाही.

रात्री अंजलीने डबा मोजला. वहिनींनी पन्नास पाठवल्याची चिठ्ठी त्यात होती. पोरांनी खाल्लेल्या, रंगूबाईंना दिलेल्या, उरलेल्या, सगळ्यांची बेरीज चव्वेचाळीस येते. अंजली माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी शेवटच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात काय शोधत होते?"

पाइप दोनशे फूट लांब आहे. तुम्ही मला त्यातले तीनच जोड का सांगितलेत? मी तुमच्यापुढे कधी आवाज चढवला नाही आणि आजही चढवत नाही. पण शनिवारी दहा वाजता मी त्या खोलीत असणार आहे, आणि ती बाई समोर उभी असणार आहे. मला काय माहीत आहे आणि काय नाही, ते त्याआधी मला कळलं पाहिजे.

संघपाल

•

इंदापूर
२३ मे १९९६, पहाट

चि. संघपाल यास,
सप्रेम जयभीम.

हे कंडक्टरच्याच हाती देतो आहे. सोबत नीळकंठरावांच्या नावाचं दुसरं पत्र आहे. त्यात फक्त घडलेली गोष्ट आहे. तुझ्या या पत्रात बाकीचं आहे.

फेण्या मी घातल्या.

पुण्याच्या माणसाचा प्रश्न बरोबर होता. शेवटच्या जोडाला बूच बाहेर काढता येत नाही. मी दोन वर्षं त्यापायी पाइप फुकट घालवले. कापडाचा बोळा अडकला, कणकेचा गोळा आत दगड झाला. एका उन्हाळ्यात तुळसा अंगणात फेण्या वाळत घालत होती. एक फुटकी फेणी पाण्याच्या बादलीत पडली, आणि मी बघत राहिलो. गार पाण्यात ती नुसती मऊ पडली. गरम पाणी ओतल्यावर पार विरघळून गेली.

तेव्हापासून तुळसा माझ्यासाठी वेगळ्या फेण्या करते. अळणी, कारण मीठ स्टेनलेसला खातं. जिरं नाही, पापडखार नाही, आणि पलीकडचं बोट दिसेल इतक्या पातळ. ओल्या फडक्यात मऊ करायची, पाइपाच्या आतल्या मापाला वाटीने कापायची, कडेला खळ लावून जोडापासून एक वीत आत बसवायची. दोन्ही बाजूंना एकेक. एकीला सुईने भोक. जोडाच्या फटीतून बारीक नळीने आर्गन सोडायचा. पेटती काडी भोकाच्या वाऱ्यात विझली की आत हवा उरली नाही असं समजायचं. मग जोड मारायचा. नंतर तासभर गरम पाणी, की फेणी पाण्याबरोबर निघून जाते. एकशे बारापैकी सतरा जोड मी असे मारले आहेत. हे आजवर तुळसाखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आता तुला आहे.

शेवटच्या दिवशी तीन जोड उरले होते आणि माझ्या अळणी फेण्या पिशवीत चुरा झाल्या होत्या. इंदापूरला येऊन नव्या नेईपर्यंत दोन दिवस गेले असते. नीळकंठरावांना मी तारीख दिली होती. भानुदासची तारीख चुकली, असं मला ऐकायचं नव्हतं. तुमच्या डब्यातल्या सहा घेतल्या. खायच्या, जाड, मीठ-जिऱ्याच्या. एक तास गरम पाणी मिळालं असतं तर त्याही गेल्या असत्या, अशी मी मनाची समजूत घातली. तुझ्या वीस मिनिटांवर मी चिडलो, पण तास कशासाठी हे तुला सांगितलं असतं तर तू पाहुण्यांना थांबवलं असतंस. ते मी सांगितलं नाही. म्हणून ती चूक तुझ्या नावावर नको.

'जिरं' हा शब्द तुझ्या पत्रात वाचला त्याच क्षणी मला कळलं होतं. अठरा तारखेचं पत्र मी जाणूनबुजून तसं लिहिलं.

ते पत्र निम्मं लिहून झालं तेव्हा तुळसा भांडी घासत होती. तिने विचारलं, "काय लिवलं?" मी म्हटलं, "झाडणाऱ्या बाईचं मॅनेजर बघून घेईल." ती हातातलं भांडं ठेवून म्हणाली, "तुमी बी भोसरीला झाडतच हुता न्हवं, त्या वर्कशॉपात? झाडताना बघून शिकलो म्हणून गावभर सांगता की. तवा तुमच्या फडक्यात कुणी काय शोधलं असतं तर?" तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. पाच दिवस झाले. ताट वाढते आणि आत जाते.

आणखी एक, आणि हे नीळकंठरावांच्या पत्रातही आहे. मीठ आत राहिलं आहे. ते तीन जोड कापावे लागतील. नाही कापले तर आज दिसणार नाही, पण वर्षा-दीड वर्षात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतील. मी येऊन कापतो आणि नवे मारतो. त्याचा मोबदला घेणार नाही.

पत्र शनिवारी दहाच्या आत त्यांच्या हातात पडलं पाहिजे. तू स्वतः दे.

भानुदास

•

बारामती
२६ मे १९९६

ती. भानुदासदादांस,
सा. जयभीम.

पत्र मी दहाला पाच मिनिटं असताना दिलं. नीळकंठरावांनी दोनदा वाचलं. आधी हसले. "फेणी? दोन कोटींच्या प्लँटमध्ये फेणी?" मग हसू गेलं. तुमच्या नावाची ऑर्डर टेबलावरच होती. ती त्यांनी दोन तुकडे करून टोपलीत टाकली. दोनशे चाळीस जोड पुण्याच्या पार्टीला गेले. तीन जोड कापायला तुम्हाला येऊ देणार आहेत, पण बाजूला पुण्याचा माणूस उभा असेल. मलाही लेखी समज मिळाली आहे. नोकरी मात्र राहिली. तुमच्यावर मी रागावलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस मी तुमचं नाव घेतलं नाही.

रंगूबाईंना आत बोलावून सांगितलं, "तुमची चूक नाही, उद्यापासून कामावर या." त्या उभ्याच. नीळकंठराव म्हणाले, "आता काय?" त्या म्हणाल्या, "मला गेटावर समद्यांम्होरं नासवणारी म्हनलं. आन् आता हितं दार लावून, पंखा लावून, तुमची चूक न्हाय म्हनता व्हय? गवळ्यास्नी काय सांगू, सायबानं कानात सांगितलं म्हनून?"

मी मध्ये पडलो. माझ्या भावाने चूक कबूल केली आहे, तो तुमच्या घरी येऊन माफी मागेल, असं बोललो. तुम्हाला न विचारता बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घरी नगं. घरी मला कुणीबी कायबी म्हनलं न्हवतं. जितं म्हनलं तितं या म्हनावं. सकाळच्या पाळीला, गाड्या आल्या म्हंजी. त्यो बोलला की मी झाडू उचलते. तवर न्हाय."

त्या निघून गेल्या. कामावर आलेल्या नाहीत.

दादा, त्या वेळी गेटावर साठ-सत्तर माणसं असतात. निम्मी तुम्हाला नावाने ओळखतात, कारण उद्घाटनाच्या दिवशी त्यांना तुमचंच काम दाखवलं होतं. पुण्याचा माणूसही असेल. मी तुम्हाला या म्हणत नाही आणि येऊ नका असंही म्हणत नाही.

आपला,
संघपाल

•

इंदापूर
२८ मे १९९६

चि. संघपाल यास,
सप्रेम जयभीम.

हे पत्रही कंडक्टरच्या हाती देतो आहे. गुरुवारी, ३० तारखेला, पहिल्या एसटीने येतो. गाडी साडेपाचला सुटते आणि बारामतीला सातच्या आत पोचते. तुमच्या दुधाच्या गाड्या साडेसातला लागतात, हे मी तिथे दहा दिवस बघितलं आहे. तेवढा वेळ पुरेल. तुळसा बरोबर येते आहे. मी ये म्हटलं नव्हतं. तिने लुगडं काढून ठेवलं आणि म्हणाली, "फेण्या माझ्या हाताच्या हुत्या. मी बी हुबी राहते."

काय बोलायचं ते काल कागदावर लिहून काढलं. पहिल्यांदा दीड पान झालं. त्यात तारीख होती, चुरा झालेली पिशवी होती, तुझी वीस मिनिटं होती, बॉयलर होता. वाचून पाहिलं, तर जोडाला उगाच फिलरची तार घालून फुगवावं तसं वाटलं. सगळं खोडलं. दुसऱ्यांदा निम्मं पान झालं, तेही खोडलं. आता दोन वाक्यं उरली आहेत. फेण्या मी घातल्या. यांनी काही केलं नाही.

दुसऱ्या वाक्यात 'यांनी' म्हणून चालणार नाही. साठ-सत्तर माणसांत बोटाने दाखवून 'या बाई' म्हणायचं नाही. तू पत्रात 'रंगूबाई' लिहितोस, मी 'झाडणारी बाई' लिहीत होतो. त्यांचं पूर्ण नाव काय, आडनाव काय, आणि लोकांसमोर त्यांना कुठलं नाव घेतलेलं चालतं, हे तू त्यांच्याच घरी जाऊन त्यांना विचार. हजेरीच्या वहीतून बघून लिहू नकोस, तिथे कारकून काहीही लिहितात. ठळक अक्षरात लिही आणि उद्या संध्याकाळच्या गाडीला कंडक्टरजवळ दे. मी स्टँडवर उभा असेन.

नाव चुकता कामा नये.

भानुदास